न धुतलेल्या मुळांचा वारसा

मी, नेसा कापाउल, वय ऐंशी, धंदा गुरे राखणे व चीज करणे, राहणार साल्वाडा, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधीची दोन रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. घर, गोठा आणि सात गाई भावाचा मुलगा दुरी यास. चीजची तांब्याची कढईही त्यालाच. ती तारेच्या घासणीने घासलेली दिसल्यास शेजारणीने खुशाल उचलून न्यावी.

२. मी दाबून वाळवलेल्या दोनशे बारा फुलांचे कागद शहरातल्या वनस्पतिसंग्रहालयास. ११ जुलै १९६७ चा माझा एक कागद तिथे आधीपासून आहे. त्याची हकीकत नोंदवणे भाग आहे.

त्या दिवशी पिझ साल्व शिखराच्या चुनखडीच्या कड्यावर मला उशीसारखे दाट, निळे फूल सापडले. आमच्या खोऱ्यात ते फक्त समोरच्या ग्रॅनाइटच्या डोंगरावर येते, असे सगळे धरून चालत. दूध काढायची वेळ झाली होती, म्हणून मुळे न धुताच मी ते दाबले. संग्रहालयाचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर बेझोला चारचौघांत म्हणाले, "बाई, मुळं तरी धुवायची! आणि हे समोरच्या डोंगरावरचं आहे. उगाच थापा मारू नका." कागदावर त्यांनी चिठ्ठी डकवली: स्थळ शंकास्पद. पुढच्या वसंतात कडाच कोसळला आणि दाखवायला काही उरले नाही. भाऊ मरेपर्यंत चिडवत राहिला, "नेसा, दूध तरी आपल्याच गाईचं ना गं?" मी हसत असे. आत मात्र जळत असे.

गेल्या हिवाळ्यात संग्रहालयात जुने कागद तपासणाऱ्या आनीनाने त्या मुळांत अडकलेला खडा काढून त्यावर आम्लाचा थेंब टाकला. फोनवर ओरडलीच, "आजी, फसफसलं! चुनखडी आहे!" ग्रॅनाइट फसफसत नाही. पंचावन्न वर्षे! मी गोठ्यात जाऊन सातही गाईंना सांगितले.

३. संग्रहालयात जुनी चिठ्ठी काढत नाहीत, नवी तिच्याशेजारी लावतात. हा नियम फार उत्तम आहे. बेझोलांची चिठ्ठी कोणी दयेपोटी झाकू नये.

४. डॉक्टर बेझोलांच्या नावे मी चार खरमरीत ओळी ठेवणार होते. पण आज सकाळी ते एक्याण्णवाव्या वर्षी काठी टेकत दारात उभे.

"बाई, साक्षीदार हवाय म्हणे?"

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, डॉक्टर."

"मिळायला नाही, द्यायला आलोय."

त्यांनी नवी चिठ्ठी पुढे केली. अक्षर थरथरते, पण स्वच्छ: नमुना खरा. स्थळ खरे. शोधणारी नेसा कापाउल. चूक माझी.

मी त्यांना चीज खाऊ घातले. ते या मृत्युपत्रात धरू नये.

ठिकाण: साल्वाडा. दिनांक: १४ सप्टेंबर २०२३.

सही: नेसा कापाउल

साक्षीदार:
१. मेंगिया तुओर, टपालवाली
२. डॉ. लिनार्ड बेझोला. लिहून देणारीची बुद्धी शाबूत आहे. १९६७ सालीही होती.