घरच्या कॉम्प्युटरचा बंदोबस्त

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. वहीतच. कॉम्प्युटरवर लिहिली तर हॅकर वाचतील.
कारण गंभीर आहे. सकाळी बातम्या वाचताना स्क्रीनवर लाल चौकट आली: तुमच्या संगणकात सात व्हायरस आहेत. मी ताबडतोब स्विच बंद केला. कॉम्प्युटरचा करायचा होता, घाईत अख्ख्या घराचा झाला. मिक्सर का थांबला म्हणून बायको बाहेर आली. तिला परिस्थितीची कल्पना दिली. म्हणाली, ती जाहिरात असते, कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करायचं. भोळी आहे.
तिचाच विचार करतोय मी. लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी ती आता घरबसल्या पुरी करतेय. मानसशास्त्र. शेवटचा पेपर उरलाय, नऊ मार्चला. तो याच कॉम्प्युटरवर, याच खोलीत, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायचाय. ऐन पेपरात व्हायरस आला तर?
निश्चय: आठ दिवसांत अँटिव्हायरसची निवड. अभ्यासपूर्वक. रिटायर होईपर्यंत कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, माझ्या सहीशिवाय एक स्क्रू बाहेर गेला नाही. लोक मला कुलूपसाहेब म्हणायचे. आदरानेच.

४ फेब्रुवारी
मुलाला फोन. तो दुसऱ्या गावी नोकरी करतो, कॉम्प्युटरचीच. म्हणाला, बाबा, कॉम्प्युटरमध्ये जे मुळात आहे ते पुरेसं आहे, तुम्ही काहीही घेऊ नका, प्लीज. फुकट मिळालेल्या वस्तूवर विसंबणारी पिढी. स्टोअरच्या दाराबरोबर आलेली कुलपं मी पहिल्याच दिवशी बदलली होती.
तोवर खबरदारी म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवली.

५ फेब्रुवारी
वायर परत लावली. हिचं लेक्चर होतं. आवाज न चढवता बोलली, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

१० फेब्रुवारी
आठ दिवस संपले. अभ्यास संपलेला नाही. अँटिव्हायरसची नावं एकासारखी एक, म्हणून मी त्यांना चित्रांवरून ओळखतो: ढाल, कुत्रा आणि छत्री. तिघेही जगात पहिले आहेत. तिघांकडे सर्टिफिकेट आहे. तुलना समजावून सांगणारा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. शेवटी तो माणूस कमरेचा पट्टा विकत होता.
निर्णय: तिन्ही ट्रायलवर आणायचे. अनुभवाला तोड नाही.

१३ फेब्रुवारी
ढाल बसवली. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. तरी सुरक्षा म्हटली की थोडं थांबावं लागतंच.
मग कुत्रा बसवला. त्याने आल्या आल्या ढालीवर भुंकायला सुरुवात केली. खरोखरचा आवाज. ढालीने कुत्र्याला व्हायरस ठरवून कोंडलं. आता दोघेही मला विचारताहेत, दुसऱ्याचं काय करू? आत पंखा असा फिरतोय की खोली हलते.
हिने दारातून पाहिलं आणि लेक्चर मोबाइलवर ऐकायला गेली. चष्मा लावून, एवढ्याशा स्क्रीनवर.

१४ फेब्रुवारी
दोघांना काढायचा दिवस. जाता जात नाहीत. ‘आम्हाला का सोडून चाललात?’ असा प्रश्न. उत्तरांत ‘कॉम्प्युटर चालत नाही’ हा पर्यायच नाही. मी ‘इतर’ वर टिक केलं तर म्हणे सविस्तर लिहा. लिहिलं. मग मोठं लाल बटण: ‘राहू द्या’. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात: ‘काढा’. मी तीन वेळा लाल दाबलं. लाल म्हणजे धोका, धोका म्हणजे काढा, असं मी समजत होतो. हिने येऊन मुंगी दाबली. गेले दोघे.
योगायोग असतात.

१८ फेब्रुवारी
छत्री. निर्णय झाला. शांत आहे, भुंकत नाही.
खरेदीत मात्र डोकं चालवलं. दोन मोठ्या माणसांचा प्लॅन महाग. ‘एक पालक, तीन मुलं’ हा प्लॅन निम्म्या किमतीत. म्हणून पालक मी. मूल ही. वय विचारलं. अठरा टाकलं तर घेईना, म्हणून अकरा टाकलं. उरलेल्या दोन मुलांच्या जागा रिकाम्या आहेत. हिला हे तपशील कळायची गरज नाही.

२१ फेब्रुवारी
संध्याकाळी हिचं लेक्चर ऐन रंगात असताना स्क्रीनवर जांभई देणारं अस्वल आलं. ‘आजचा वेळ संपला. थोडा खेळ, थोडी झोप! पुढे जायचं तर पालकांची परवानगी घ्या.’ हिने मला हाक मारली. माझ्या मोबाइलवर नंबर आला, मी सांगितला, अस्वल गेलं.
हे काय आहे, असं विचारलं. म्हटलं, सुरक्षेचा एक थर आहे.

२६ फेब्रुवारी
ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मला बरं वाटतं. रिटायर झाल्यापासून कोणी सही मागायला आलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी आतल्या खोलीतून आवाज येतो, “अहो, नंबर सांगा.” मी चष्मा लावतो, मोबाइल बघतो, एकेक आकडा सांगतो. कधी कधी थोडा थांबतो. खात्री करून घ्यावी लागते.
काल तिने हाक मारली नाही. नुसती येऊन हात पुढे करून उभी राहिली.
ही वेळेची मर्यादा काढून टाकता येते, सेटिंग आहे. पण मग छत्री घेतली कशाला?

३ मार्च
हिला अकरा वर्षांचं कळलं. छत्रीनेच सांगितलं: ‘शाब्बास! तुझ्या वयाच्या मुलांपेक्षा तू जास्त अभ्यास करतेस.’
  जेवताना म्हणाली, रविवारच्या आत ते अस्वल काढा. एवढंच. मी म्हटलं, आजच.

६ मार्च
मर्यादा काढायला मुख्य पासवर्ड लागतो. तो मी भक्कम ठेवला होता आणि दोन अर्धे करून दोन जागी लिहून ठेवले होते, एक चोराच्या हाती लागला तरी दुसरा सुरक्षित राहावा म्हणून. एक अर्धा विजेच्या बिलामागे सापडला. दुसराही असाच सुरक्षित आहे, म्हणजे मलाही सापडत नाही. मिळेल.
नाही मिळाला तरी नंबर देता येतोच. मी घरात आहे की.

८ मार्च
परीक्षेचे नियम वाचले. खोलीत दुसरी व्यक्ती नको. आवाज नको. मोबाइल नको. खुर्चीवरून उठायचं नाही. समोर कॅमेरा, पलीकडे बसून एक मॅडम लक्ष ठेवणार. उत्तम व्यवस्था. अशी माणसं मला स्टोअरमध्ये मिळाली नाहीत.
हिने विचारलं, काढलं ना? मी हो म्हटलं. जवळजवळ काढलंच आहे. अर्धा पासवर्ड आहे.
योजना: मी त्या खोलीच्या गॅलरीत बसणार. गॅलरी म्हणजे खोली नव्हे, नियम मोडत नाही. अडचण आली तर दोन पावलांवर मी. ही नको म्हणाली. घाबरली आहे. शेवटी म्हणाली, बसा, पण हलू नका.

९ मार्च, रविवार, संध्याकाळ
जसं घडलं तसं लिहितो.
हिने सकाळी कॅमेऱ्याची तालीम केली. मी मोबाइल नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि गॅलरीत स्टुलावर बसलो, कुंड्यांच्या आड. वाऱ्याने काचेचं दार आपटत होतं, म्हणून मीच हिला आतून कडी घालायला लावली.
पेपर सुरू झाला. काचेतून तिची पाठ दिसत होती आणि स्क्रीनचा अर्धा भाग. ती भराभर लिहीत होती. इतक्या वेगाने लिहिताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. अभिमान वाटला. थोडी भीतीही वाटली, की हिच्या मनात एवढं सगळं होतं आणि मला पत्ता नव्हता.
मग अस्वल आलं. सकाळच्या तालमीत दिवसाचा वेळ खर्च झाला होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अस्वलाखाली लिहिलं होतं: उरलेलं काम आटपा, दहा मिनिटांत स्क्रीन बंद होईल, किंवा पालकांना विचारा.
ती लिहायची थांबली. उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. मी काचेबाहेरून खुणा केल्या: मोबाइल, स्वयंपाकघर, मी आणतो, कडी काढ. तिने वळून पाहिलं नाही. म्हणून काचेवर टकटक केलं. हळूच केलं.
स्पीकरमधून लक्ष ठेवणाऱ्या मॅडमचा आवाज आला, “ताई, तुमच्या मागे कोण आहे?”
तिने तेव्हा वळून पाहिलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी हसलो, धीर यावा म्हणून.
“कोणी नाही, मॅडम,” ती म्हणाली. आणि बसल्या जागेवरून हात लांबवून पडदा ओढला.
पुढचं मला दिसलं नाही. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाहेरचं दार. खालच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर उरलेला पेपर लिहू देता का म्हणून ती धावत गेली होती, हे मागाहून बाईंकडूनच कळलं. बाईंनी लगेच दवाखाना उघडून दिला, पण पेपर सुरू झाला त्याच खोलीत संपला पाहिजे, असा नियम निघाला.
मी गॅलरीत. कडी आतून. ऊन थेट डोक्यावर. वॉचमनने खालून विचारलं, साहेब, काही हवंय का? मी म्हटलं, हवा खातोय. दुपारभर खाल्ली.
उन्हं उतरल्यावर तिने कडी काढली आणि स्वयंपाकघरात गेली. मी आत आलो. स्क्रीनवर अस्वल जांभया देत होतं.

१४ मार्च
पेपर रद्द. ईमेल आली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली आणि विचारलं असता विद्यार्थिनीने खोटं उत्तर दिलं. पुन्हा संधी जूनमध्ये.
मी म्हटलं, मी तक्रार करतो, गॅलरीला खोली म्हणता येत नाही, हा मुद्दा भक्कम आहे. ती भांडी पुसत होती.
“खोटं बोलल्याबद्दल पेपर गेला,” ती म्हणाली. “मला तेव्हा ते खोटं वाटलंच नाही.”
याचा अर्थ नीट लागला नाही. लावत बसलो नाही. जेवण गेलं नाही.

२२ मार्च
दुसरा अर्धा पासवर्ड मिळाला. जुन्या चष्म्याच्या डबीत. ताबडतोब मर्यादा काढली, हिचं वय चौपन्न केलं. स्क्रीनभर फुगे उडाले: ‘अभिनंदन! तू मोठी झालीस!’
हिला दाखवायला हाक मारली. घरात नव्हती. हल्ली दवाखाना बंद झाला की डॉक्टरीणबाईंच्या वेटिंग रूममध्ये बसून अभ्यास करते. तिथे शांतता असते म्हणे. इथेही आता असते.

२ मे
जूनच्या परीक्षेचा फॉर्म. दोन पर्याय: घरून किंवा केंद्रावर. केंद्र दुसऱ्या गावी, आदल्या दिवशी बसने जायचं, तिथल्या हॉस्टेलवर राहायचं, अनोळखी गादी, अनोळखी पाणी. हिने केंद्र घेतलं.
मी समजावलं. कॉम्प्युटर आता लोण्यासारखा चालतो. छत्रीही काढतो हवी तर. गॅलरीत बसणार नाही, घरातच थांबणार नाही, बागेत जाऊन बसेन. ती ऐकून घेत होती. मला वाटलं, पटतंय.
फॉर्म कालच पाठवला होता तिने.

१४ जून, शनिवार
ती निघाली. बॅग छोटीशी. मी म्हटलं, मी येतो बरोबर. केंद्रात नाही येणार. फाटकाबाहेर बसेन, पाण्याची बाटली धरून. बोलणार नाही.
तिने बॅगेची चेन लावली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण अगदी सहज बोलली.
“तुम्ही नका येऊ. कॉम्प्युटरकडे कोण बघेल?”
बॅग मी खाली फाटकापर्यंत नेली. तिथून तिने घेतली.

१५ जून, रविवार
रात्रभर विचार केल्यावर पटलं की हा विश्वासच आहे. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्यावरच माणूस घर टाकून जातो.
सकाळी छत्रीचा मासिक अहवाल आला. एकही धोका आढळला नाही. पालकांखेरीज कोणीही हा संगणक वापरलेला नाही. आपलं कुटुंब संपूर्ण सुरक्षित आहे.
पोचल्याचा तिचा फोन नाही. मुलाला केला होता, तो म्हणाला. मी करणार होतो, पण पेपरच्या दिवशी मोबाइल वाजायला नको.
आता पेपर सुरू झाला असेल. लिहीत असेल भराभर. मागे कोणी नसेल.
घर फार मोठं वाटतंय. मला करमत नाही.
पूर्ण कॉम्प्युटरचा स्कॅन लावला. समोर बसून राहिलो. काही सापडलं नाही.
पुन्हा लावला.