अबकरनं न प्यायलेली कॉफी

जबल अश्रफिया, अम्मान

प्रिय राकान,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धड आहोत. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझा फोन आला की तो तुझी आई माझ्याआधी झडप घालून उचलते आणि आवाज एवढा मोठा ठेवते की खाली दुकानात बसलेल्या हाजी दीबलासुद्धा तुझी सर्दी कळते. आमच्या डेपोतल्या एका जुन्या सोबत्याचा पुतण्या तुमच्या गोथेनबर्गला निघालाय, म्हणून त्याच्या हाती हे देतोय. अक्षर लागत नसेल तर सुनेपुढे माझी लाज काढू नकोस. जन्मभर बसचं स्टिअरिंग धरलं, पेन या हातात नीट बसत नाही.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. वरच्या मजल्याबद्दल, म्हणजे तुझ्या मजल्याबद्दल, मी चार माणसांत शब्द देऊन बसलो. तुला विचारलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तुझ्या आईला विचारलं नाही. आता सावकाश ऐक, आणि मध्ये मध्ये चिडू नकोस. चिडायचं काम इथं एका माणसानं पुरेसं केलंय.

खरं सांगू का, मी थकलोय रे. या गल्लीत कोण आलं नाही? माझे वडील इथं आले ते एक गादी आणि दोन पातेली घेऊन. मग इराकी आले, मग सीरियाचे, आता सुदानचे. दर वेळी कुणाची तरी सामानाची गाडी उताराला उभी राहिली की तुझी आई मक्लूब्याच्या भाताचं ताट फडक्यानं झाकते आणि मला पुढे घालते. नळाला पाणी कोणत्या वारी येतं, टाकी कधी भरून ठेवायची, कोणता डॉक्टर कमी खेकसतो, कुठल्या बेकरीत कालचा पाव आजचा म्हणून देतात, हे सगळं मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतसुद्धा बडबडतो म्हणे. आणि ती माणसं जरा रुळली, जरा हसायला लागली, की कागद येतात आणि ती कॅनडाला निघून जातात. मग पुन्हा नवी गाडी, पुन्हा ताट. तुझी आई म्हणते पुण्य लागतं. लागत असेल. माझी तर वाट लागते.

तर हा अबकर. सुदानातल्या दारफूरकडचा, उंच, अगदी हळू बोलणारा. बायको कल्तूम, एक लहान मुलगी. टायरच्या दुकानामागे एका खोलीत राहायचे. मिळेल त्या दिवशी रंगकामाला जायचा. दुकानवाल्यानं ती खोली गोदामासाठी परत मागितली होती आणि महिना संपला की त्यांना निघायचं होतं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. सगळी गल्ली त्यावर चुकचुकायची आणि आपापल्या दाराला कडी लावायची. दीब तर उघड म्हणायचा, ‘‘आज एकाला घेतलं की उद्या त्याचे सगळे मावसभाऊ येतील. मग आपण राहायला सुदानला जायचं का?’’ आपला वरचा मजला रिकामा आहे हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तो विषय काढायचा नाही हेही दोघांना माहीत होतं.

एका गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर नेहमीसारखे चौघेपाच जण आपल्या पुढच्या खोलीत बसले होते. मी कॉफी फिरवत होतो. तेवढ्यात अबकर आला, हातात तुझ्या आईचं ताट. रिकामं ताट परत द्यायचं नाही एवढं त्यांच्याकडेही असतं, म्हणून त्यात शेंगदाण्याच्या वड्या. मी त्याला बसवलं, कप भरून दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

तिकडे राहून विसरला असशील तर आठवण करून देतो. तुझ्या बहिणीला मागणी घालायला तिची सासरची मंडळी आली, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्यानं कप असाच समोर ठेवला होता. पाहुण्यानं कॉफी न पिता ठेवली म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि घरधन्यानं ‘घे, तुझं काम झालं समज’ म्हटल्याशिवाय तो ओठाला लावणार नाही. ती कॉफी गार होऊ देणारा माणूस मग गल्लीत मान वर करून चालू शकत नाही.

सगळे त्या कपाकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. दीबची जपमाळसुद्धा थांबली. तो काय मागायला आलाय हे कुणी विचारायची गरजच नव्हती. वाटलं, याला ही रीत कुणी शिकवली? आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, ‘‘घे बाळा, कॉफी घे. वरचा मजला तुझा.’’ यात माझं मोठं मन वगैरे काही नव्हतं, राकान. मला लाज वाटली, एवढंच. चार माणसं बघत होती.

अबकर चाट पडला. आधी त्याला कळेचना. मग त्याचे डोळे भरले आणि तो उठूनच उभा राहिला. म्हणाला, ‘‘काका, मी फक्त ताट द्यायला आलो होतो. आज गुरुवारचा माझा रोजा आहे. सगळ्यांसमोर तसं सांगणं म्हणजे मिरवल्यासारखं वाटतं, म्हणून गुपचूप ठेवला कप.’’ त्यांच्याकडे कॉफीत साखर आणि आलं घालतात आणि मनात येईल तेव्हा पितात. आमच्या कपाची ही भानगड त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हती.

तो गेल्यावर दीब हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, ‘‘सुटलास रे फवाज! त्यानं मागितलंच नाही, मग तू दिलंस कुठे?’’ बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शब्द तोंडातून गेला होता. तो परत गिळायचा तर चावून चावून गिळावा लागला असता.

किल्ली मात्र तुझ्या आईच्या कमरेला. भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं. तू तो मजला शेवटचा बघितलास तेव्हा फरशी बसत होती. त्यानंतर तिनं तिथं काय काय केलंय ते तुला माहीत नाही. स्वयंपाकघराच्या निळ्या फरशा तिनं स्वतः निवडल्या, त्या बदलायला दुकानदाराशी भांडली. पलंग आणला तो अजून प्लास्टिकमध्ये. गुडघे धरून धरून दर शनिवारी जिना चढायची आणि जिथं कुणी पाऊलही टाकत नाही ती फरशी पुसून यायची. मला अजून तुझ्याच नावानं, ‘राकानचा बाप’ म्हणून, हाक मारते. म्हणाली, ‘‘अबू राकान, ताटं न्यायला मी कधी नाही म्हटलं का? माझ्या तोंडचा घास मागा, देते. पण ते माझ्या मुलाचं घर आहे. तिथं दुसऱ्याचं बिऱ्हाड लावलं की तो आता येणार नाही असं मी माझ्या तोंडानं म्हटल्यासारखं होईल.’’ मग अबोला. जेवण वेळेवर, गरम, पण ताट असं आदळायची की शेजारी कळावं. महिना संपत आला होता. मी अबकरला रस्त्यात दिसू नये म्हणून लांबच्या वळणानं मशिदीत जायला लागलो. या वयात चोरासारखा.

शेवटी एक दिवस तिनं बुरखा चढवला आणि म्हणाली, ‘‘मीच जाऊन सांगते. पुरुषांनी घाण करायची आणि बायकांनी निस्तरायची, हेच चाललंय जन्मभर.’’ गेली. बराच वेळ आली नाही. आली ती चपलांसकट उंबऱ्यावर बसली. मी विचारलं, ‘‘सांगितलंस?’’ तर म्हणते, ‘‘शनिवारी या म्हणून सांगितलं. चहा टाका आता.’’

मागाहून तुकड्यातुकड्यानं कळलं. कल्तूमनं सामान आधीच बांधलं होतं. झरका शहरात कुणा नातेवाइकांच्या खोलीत कोपरा मिळाला होता. तुझ्या आईनं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ‘‘मावशी, तुम्ही अवघडू नका. काकांचा शब्द आम्ही धरलेला नाही.’’ मग तिनं तुझ्या आईला चहा दिला, सरबतासारखा गोड. आणि बोलता बोलता म्हणाली, ‘‘जागेचं काही नाही हो, जागा कुठंही मिळते. पण नव्या ठिकाणी पहिलं दार कुणाचं वाजवायचं हे कळत नाही, त्याचीच भीती वाटते. इथं ते वाजवावं लागलं नव्हतं, तुम्हीच आला होतात.’’ तुझी आई त्यावर काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते एवढं मी बघितलं.

शनिवारी पलंगाचं प्लास्टिक तिनं स्वतः फाडलं. कपाटाचं एक टोक दीबनं धरलं आणि दोन जिने चढेस्तोवर मला, अबकरला आणि सगळ्या सुदानला शिव्या दिल्या. संध्याकाळी त्याच दीबनं डाळीचं पोतं वर पाठवलं, आणि मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, ‘‘किडे पडले होते, फेकायचंच होतं.’’ डाळ मी बघितली. एक किडा नव्हता.

आता सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं समजू नकोस. टाकी एक आणि बिऱ्हाडं दोन. पाणी संपलं की तुझी आई जिन्यातून ओरडते, कल्तूम वरून उत्तर देते, आणि मी मध्ये काठी टेकत न्याय करतो. ती छोटी माझ्या दुपारच्या झोपेवर बरोब्बर धावते. भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावरून परवा एवढं वाजलं की मला वाटलं, गेले हे. तासाभरानं बघतो तर कल्तूम तुझ्या आईच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळतेय आणि दोघी मिळून माझ्याच तक्रारी करतायत. माणसं जोडणं म्हणजे ही रोजची कटकट आहे, बाळा, दुसरं काही नाही. मी अजूनही थकलेलाच आहे. फक्त घरात आवाज आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तू तिथं घर घेतलंस हे मला हिवाळ्यातच कळलं होतं. तुझ्या बहिणीच्या तोंडून निघून गेलं आणि मग तिनं माझ्याकडून शपथ घेतली. तुझ्या आईला कळलं तर ती खचेल म्हणून मी गप्प राहिलो. ती जिना चढायची, मी खालून बघायचो आणि मनात तुला दोन शब्द ऐकवायचो. काल वाळत घातलेले कपडे काढता काढता तीच म्हणाली, ‘‘अबू राकान, राकाननं तिकडे घर घेतलंय. मला केव्हाचं माहीत आहे. तुम्ही खचाल म्हणून बोलले नाही.’’ तिलाही त्याच बयेनं सांगितलं होतं आणि तिच्याकडूनही शपथ घेतली होती. म्हणजे एकमेकांसाठी आम्ही दोघं इतके महिने एक रिकामा मजला सांभाळत बसलो होतो. आम्ही खूप हसलो, आणि मग हसलो नाही. तर आता पत्र मिळालं की येत्या शुक्रवारच्या फोनवर नेहमीसारखं ‘पुढच्या वर्षी येतो’ असं तिला म्हणू नकोस. घर घेतलं म्हणून सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय तिला, एवढंच राहिलंय. खोल्या किती, ऊन कुठून येतं, सगळं सांग. ती रडली तर रडू दे, फोन ठेवू नकोस. ती शेवटी एकच विचारणार आहे, मला आत्ताच माहीत आहे: शेजारी कोण राहतं, आणि त्यांचं नाव काय. इतकी वर्षं झाली, तू आम्हाला तिथल्या एकाही शेजाऱ्याचं नाव सांगितलेलं नाहीस. सांगायला नाव नसेल, तर शुक्रवारच्या आत जा आणि एखादं दार वाजव.

तुझाच,
बाबा