टाकीत उरलेलं

सोमवार, ५ फेब्रुवारी

कंपनीचं पुन्हा तेच पत्रक! ठरलेल्या हिशोबापेक्षा जास्त इंधन घ्यायचं तर कॅप्टनने कारण लिहायचं. मास्तरांनी ते वैमानिकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले.

मास्तर हे टोपणनाव. निम्म्या वैमानिकांना त्यांनीच उडायला शिकवलंय, मलाही. आता मी त्यांच्या शेजारी को-पायलट म्हणून बसते. वरच्या साहेबांचे ते लाडके. सगळ्यांत कमी इंधन घेऊन निघतात ना!

"इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं गं," ते म्हणाले. "भरलेली घागर घेऊन कुणी विहिरीवर जातं का?"

खरंच आहे. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि ते वाहायला आणखी इंधन. हिशोबात खोट काढता येत नाही. तरी घरी येऊन आकडे पुन्हा मांडून बघितले.

बुधवार, ७

उद्या मास्तरांबरोबर उड्डाण. उतरायचं तिथे धुक्याचा अंदाज. चित्त थाऱ्यावर नाही. कपाट दोनदा आवरलं.

शुक्रवार, ९

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते — नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

निघण्यापूर्वी मी विचारलं, "सर, थोडं जास्त घेऊ या का? धुकं आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "आपण पोचेपर्यंत उठेल."

"नाही उठलं तर?"

"तर दुसरा विमानतळ आहेच की. तिथवर जायचं इंधन हिशोबात धरलेलं असतं. विसरलीस?"

विसरले नव्हते.

धुकं उठलं नाही. वर चकरा मारत राहिलो. आमच्यासारखी आणखी पाच-सहा विमानं. खाली नुसता कापूस. दुसऱ्या विमानतळाकडे निघायची वेळ झाली, मी तसं म्हटलं. मास्तर म्हणाले, "आणखी एक चक्कर. विरळ होतंय बघ." काही विरळ होत नव्हतं!

शेवटी निघालो. बाकीचेही त्याच दुसऱ्या विमानतळाकडे वळलेले — आणि आम्ही रांगेत शेवटी. मी आकडे मांडले. पुन्हा मांडले. रांगेत थांबलो तर शेवटच्या अर्ध्या तासाच्या इंधनाला हात लागणार. त्याला हात लावायचा नसतो. हे मास्तरांनीच शिकवलं होतं, फळ्यावर दोनदा अधोरेखित करून.

"सर, मेडे द्यायला हवा."

"थांब जरा. टॉवरवाला घेईल आपल्याला पुढे."

"त्याला कसं कळणार, सर?"

"घाबरतेस काय? मी आहे ना."

क्षणभर मी पुन्हा त्यांची विद्यार्थिनी झाले. मग रेडिओचं बटण दाबलं. तीनदा "मेडे" म्हटलं, म्हणजे संकटाची हाक दिली, आणि कारण सांगितलं: इंधन. माझा आवाज मलाच परका वाटला. टॉवरने बाकी सगळ्यांना बाजूला केलं आणि आम्हाला थेट धावपट्टी दिली. मास्तरांनी विमान असं टेकवलं की कुणाला कळलंही नाही.

प्रवासी चिडलेले — भलत्याच गावी उतरवलं म्हणून! एकाने दारात विचारलं, "आता आमच्या लग्नाचं काय?" नवरदेव होता बिचारा.

सगळे उतरल्यावर मास्तरांनी टोपी घातली. "तुझा माझ्यावर भरवसा नाही, एवढं कळलं." बस्स. परतीच्या गाडीत पुढे बसले, ड्रायव्हरशेजारी.

शनिवार, १०

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "पण पुरलं ना? मग झालं तर!"

पुरलं. हो.

मंगळवार, १३

चौकशी. चौकशी अधिकारी अतिशय सभ्य. पाणी विचारलं, खुर्ची सरकवून दिली. मग म्हणाले, "उतरल्यावर टाकीत नियमाचं अर्ध्या तासाचं इंधन होतं. किंचित जास्तच. मग मेडे कशासाठी?"

"मेडे दिला म्हणून आधी उतरलो. म्हणून उरलं."

"असं तुम्हाला वाटतं."

मग मास्तरांचं म्हणणं वाचून दाखवलं. 'परिस्थिती माझ्या हातात होती. को-पायलट घाबरली.' मान खाली घालून ऐकलं. कान तापले होते.

निकाल लागेपर्यंत उड्डाण बंद. कॅप्टनपदाची परीक्षाही लांबणीवर. मास्तरांना मात्र काही नाही — परवापासून ते पुन्हा उडणार.

गुरुवार, १५

मास्तर दिसले, ऑफिसच्या जिन्यात. मी बाजूला झाले. वाटलं, काहीतरी बोलतील, रागावतील तरी. "कशी आहेस?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरले. पहिल्यांदा मी एकटीने विमान उतरवलं, तेव्हा धावत धावपट्टीपर्यंत आला होता हा माणूस!

रविवार, १८

नवऱ्याशी भांडले. तो दातांचा डॉक्टर. म्हणाला, "पेशंट दुखायच्या आधीच ओरडतो, तसं तर नाही ना झालं तुझं?" गंमत केली होती. मी ताट तसंच ठेवून उठले. मग तोच मागोमाग आला. "चुकलो. पण तू एकदा ठरव — बरोबर होतीस की नाही?"

तेच तर ठरत नाहीये! आणखी पाच मिनिटं गप्प बसले असते तर? टॉवरने घेतलंही असतं पुढे. कुणाला कळलंही नसतं. मास्तर अजून माझे मास्तर असते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. सासूबाई म्हणतात, "एका जागी बस गं, मला गरगरतंय."

सोमवार, १९

चौकशी अधिकाऱ्यांचा फोन. सौम्य आवाजात सल्ला — 'घाईत निर्णय झाला' एवढं लिहून द्या, प्रकरण मिटेल, परीक्षेला बसता येईल. विचार करते म्हटलं.

मंगळवार, २०

लिहायला बसले. 'घाईत' शब्दापर्यंत आले. पुढे हात चालेना.

बुधवार, २१

हँगरमधून इंजिनिअरचा फोन. आमचं ते विमान तपासणीला आलंय. "मॅडम, बसून घ्या आधी. दोन्ही टाक्या रिकाम्या करून मोजल्या. इंधन तळाला गेलं की काटे खोटं बोलतात — आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. त्या दिवशीच्या आकड्यातून तो फरक वजा केला, तर अर्धा तास उरलाच नव्हता."

"मग किती?"

"जेमतेम पाच मिनिटं."

आकडा वहीत लिहून घेतला.

मास्तरांना अजून कुणी सांगितलेलं नाही. चपला घातल्यात. मीच जाते.