जयवंताचे कंद

अहो,

काल सोसायटीच्या आवारात तुमची शोकसभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्याइतका झाडांचा वेडा माणूस अख्ख्या मुलुंडात नव्हता. मी मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, रडतेय. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगू?

स्वयंपाकघरामागच्या त्या पट्टीत तुम्ही कधी तांब्याभर पाणी तरी घातलंत का?

माझा धाकटा भाऊ जयवंत नाशिकला एका बंगल्यावर माळी होता. त्याने रुमालात बांधून पाच कंद आणले होते, आल्यासारखे वेडेवाकडे. पावसाळ्यात झाडं खिडकीच्याही वर गेली, शेंड्याला सूर्यफुलासारखी छोटी पिवळी फुलं. दांडे वाळेपर्यंत खणू नकोस ताई, एवढंच त्याने बजावलं होतं. भाजी तुम्हाला फार आवडायची. ऑफिसातली माणसं आली की मात्र ‘मी लावलेत’ म्हणायचात, आणि मी चहा टाकायला आत जायचे. माझंही चुकलंच. तिथेच बोलायला हवं होतं.

आपण रंगीत टीव्ही घेतला त्या वर्षी जयवंत काविळीने गेला. पाठोपाठ माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी घरी आले, तर मागे नुसती उकरलेली माती! साहेबांना घरची भाजी द्यायची म्हणून ऐन फुलोऱ्यात सगळं उपटलंत. कंद अजून बोटाएवढेच होते. उरलेले ऑफिसात वाटलेत. बियाण्याला एकही ठेवला नाहीत.

“जयवंताचे होते ते,” मी म्हटलं.

“मग काय झालं? दुसरे आणू,” म्हणालात आणि टीव्हीचा आवाज वाढवलात.

आणलेत का हो? पाच वर्षं वाट पाहिली मी.

काल सभेनंतर तुमच्या ऑफिसातले परब भेटले. तुम्ही दिलेल्यांतला एक कंद त्यांच्या आईने नाहूरच्या घरामागे पुरला होता. तो तगला, दरवर्षी फुलतो म्हणे.

“तुमच्या मिस्टरांची आठवण म्हणून जपलाय,” ते म्हणाले.

“माझ्या भावाची आठवण आहे ती,” मी म्हटलं. “मला त्यातले थोडे द्याल?”

परब गोंधळले. पण आज सकाळी स्वतः पिशवी घेऊन आले. दुपारीच लावले मी, गुडघे दुखत होते तरी.

तुमचं वर्षश्राद्ध नीट करीन, हा शब्द देते. वडे, खीर, तुमच्या आवडीचं सगळं करीन. फक्त ही भाजी तुमच्या पानावर वाढणार नाही.

सुलभा