केस काढण्यात माझा हात कोण धरणार?

३ मार्च
कारखान्यात नोटीस लागली. मालक सगळ्या खात्यांची पोहण्याची शर्यत घेणार. २४ तारखेला. जिंकेल त्याला महिनाभर पगारी सुट्टी आणि घरी जायचं-यायचं तिकीट. सातवीत शाळा सोडली, पण कामापुरतं वाचता येतं. दोनदा वाचली.

जिंकल्यातच जमा. ताईला लगेच फोन करून टाकला, येतोय म्हणून. भाची वर्षाची होत आली, अजून तिने मामा पाहिला नाही. ताई म्हणाली, मागच्या वेळीपण येतोच म्हणालास आणि आला तो नुसता फोन. मी म्हटलं, या वेळी लिहून घे. तर म्हणे, आधी तुला पोहता येतं का ते सांग. हे काय विचारणं झालं? लहानपणी विहिरीत पडलो होतो. बाहेर कोणी काढलं हा वेगळा मुद्दा.

६ मार्च
तलावावर सराव. आमच्या खात्याचे मुकादम माझ्या पुढे गेले. वय पन्नाशीच्या पुढे, पोट वयाच्याही पुढे. म्हणजे चूक माझ्यात नाही, कशात तरी आहे.

रात्री मोबाईलवर शोध लागला. मोठे पोहणारे अंगावर एक केस ठेवत नाहीत. केस पाणी धरून ठेवतात! आणि माझ्या अंगावर एवढे की अस्वल भेटलं तर घरचं सगळं बरं का विचारेल.

सगळे काढायचे. त्यात माझा हात कोण धरणार? चामड्याच्या कारखान्यात माझं कामच ते. चुन्याच्या हौदातून कातडं निघालं की ओंडक्यावर टाकायचं आणि सुरीने केस खरवडायचे. आजवर एकाही कातड्याची तक्रार नाही.

१० मार्च
पायापासून सुरुवात. लांब्याचं रेझर घेतलं, जुनं आहे पण चालतं. लांब्या म्हणजे माझा खोलीभाऊ, शिलाई खात्यात असतो. कोरड्यावरच, खालून वर, दाबून. काम फटाफट.

रात्री पायावर लाल पुरळ. आग. ही ताकद बाहेर येत असणार.

११ मार्च
लांब्याने पाय पाहिले आणि आधी रेझर कुठंय विचारलं. मग लेक्चर. आधी कोमट पाण्याने अंघोळ कर म्हणे, केस मऊ पडू देत. साबणाचा भरपूर फेस. ब्लेड नवं. केस ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूने हलक्या हाताने, आणि एका जागेवरून चार-चारदा नाही. मग गार पाणी, टॉवेलने नुसतं टिपायचं. वासाचं काही लावायचं नाही, सैल कपडे, दोन दिवस त्वचेला सुट्टी.

मी म्हटलं, अरे, मी दिवसाला ढीगभर कातडी साफ करतो, तू मला शिकवतोस? तो म्हणाला, तुझी गिऱ्हाइकं मेलेली असतात रे.

जळतो तो.

१७ मार्च
लांब्याचं एक ऐकलं: नवं ब्लेड आणलं. बाकी पद्धत आपलीच.

आज छाती-पोट. कातडं ताणलेलं असलं की केस स्वच्छ निघतात, हे धंद्यातलं ज्ञान. म्हणून बाकड्यावर उलटा लोंबकळलो आणि लांब्याला पाय ओढून धरायला सांगितलं. त्याने धरले, पण हसून हसून मधेच सोडले. कपाळाला टेंगूळ.

पाठीला हात पोचेना. रेझर झाडूच्या दांड्याला बांधलं. आरशात डावं ते उजवं दिसतं, त्यामुळे पाठीवर काही वळणं आली आहेत. लांब्या म्हणतो, पाठीवर घाटरस्ता काढलायस. पाण्यात दिसणार थोडाच.

२३ मार्च, संध्याकाळ
उद्या शर्यत. खुंट उगवलेत. पुन्हा सगळं अंग, उलट बाजूने, तीन-तीनदा. आता हात फिरवला तर काच. काच जरा तापलेली आहे, एवढंच.

आग थांबवायला डोकं चालवलं. कारखान्यात ताजं कातडं आलं की आधी काय करतात? मीठ लावतात, म्हणजे बिघडत नाही. वाटीभर मीठ घेतलं.

संध्याकाळ, थोड्या वेळाने
वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले होते, कोण गेलं.

मुकादमांना फोन केला. ते म्हणाले, गाढवा, मेलेल्या कातड्याला मीठ लावतात, तुझं अजून जिवंत आहे! गार पाण्याने धू आणि उद्या तलावात उतरू नकोस, तिथल्या पाण्यात औषध असतं.

वा मुकादम. स्वतः शर्यतीत आहात, मला उतरू नको म्हणता? एवढा भोळा नाही मी.

धुतलं. मग लांब्याचं दाढीनंतरचं वासाचं पाणी सगळीकडे लावलं.

यापुढे काही लिहिता येत नाही.

२४ मार्च
शिट्टी झाली. उडी मारली.

पाणी लागलं आणि असं वाटलं की कोणीतरी मला सगळीकडून एकदम ओळखलं. पुढचं लांब्याने सांगितलं ते: मी गेलो त्याच्या दुप्पट वेगाने वर आलो, शिडी न वापरता. इतक्या वेगाने माणूस तलावातून निघालेला कोणी पाहिला नाही. वेगाचा मुद्दा सिद्ध झालाच. फक्त दुसऱ्या टोकाला निघायचं असतं म्हणे.

मुकादम जिंकले. पाठीवर घोंगडीएवढे केस. पाणी त्यांना धरून बसलं नाही. कोणाला धरायचं हे पाणी माणूस बघून ठरवतं.

सुट्टी तुमची मला द्या म्हणून विचारून पाहिलं. ते म्हणाले, माझीही माणसं वाट बघतायत रे.

२५ मार्च
डॉक्टरांनी पाहिलं, मग कंपाउंडरला बोलावून दाखवलं. गुलाबी औषध दिलं आणि तीन दिवस सुट्टी. म्हणजे सुट्टी मीही मिळवली. अंगाला कपडा लावायचा नाही, खोलीतून हलायचं नाही. चादरसुद्धा टोचते.

२७ मार्च
ताईचा व्हिडिओ कॉल. उचलणार नव्हतो, बोट लागलं. नुसत्या चड्डीवर होतो. ताईने आधी डोळ्यांवर हात घेतला, मग विचारलं, येतोस ना. मी म्हटलं, या वेळी जमत नाही. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात भाची मधे घुसली. मला डोळे फाडून पाहत राहिली, लाल-गुलाबी, वर टेंगूळ. रडली नाही. बराच वेळ पाहिलं तिने.

२८ मार्च
कामावर गेलो. सैल शर्ट. खाज.

ताईचा फोन. भाची बोलायला लागली. पहिलाच शब्द: मामा. भावोजी रुसलेत, बाबा म्हणाली नाही म्हणून. मी म्हटलं, रक्ताची ओढ आहे, मी समोर नसूनही. ताई म्हणाली, मी स्वयंपाकघरात बीट सोलत होते, ते पाहून म्हणाली.

हरकत नाही. ओळख पटली.