पाणवठ्याचा हक्क

कोल्हापूर,
ऑगस्ट १९८६

प्रिय त्र्यंबक,

इतक्या वर्षांनी हे अक्षर पाहून दचकला असशील. दचक थोडा! मुंबईत बडा वकील झालास, जुन्या ओळखीच्या माणसांनी अधूनमधून घाबरवायलाच हवं तुला.

कॉलेजातली ती सुट्टी आठवते? घटनेचा पेपर संपला आणि तू सायकल हाणत थेट आमच्या गावी आलास. तेव्हा आमच्या गावात नदीला दोन पाणवठे होते. वरचा गावाचा, खालचा आमच्या वस्तीचा. आम्ही बौद्ध होऊन दहा वर्षं झाली होती, तरी वर घागर बुडवायची छाती नव्हती. तू सरळ खालच्या पाणवठ्यावर बसलास आणि ओंजळीनं पाणी प्यायलास. आई कावरीबावरी झाली. म्हणाली, "पावणं, वरच्या अंगाला जावा की! हितलं पाणी आमचं हाय." तू म्हणालास, "मग मला हेच पायजे." काय भाव खाल्लास त्या दिवशी! पण खरं सांगते, मी तिथेच तुझी झाले होते.

पुढे तुझ्या अप्पांनी पाय आपटला आणि तू मुंबईला निघून गेलास. मी खूप रडले, मग रडायची थांबले. लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. नवरा भला माणूस आहे, माझी बडबड ऐकून घेतो.

वस्तीतल्या पोरांनी भांडून वरचा पाणवठाही मिळवला. आईनं तिथे पहिली घागर भरली त्या दिवशी आम्ही घरोघर गूळ वाटला. आणि थोड्याच वर्षांत नदीच्या वरच्या अंगाला दारूचा कारखाना आला. आता दोन्ही पाणवठे सारखेच काळे आहेत. मासे उलटे तरंगतात, पोरांच्या अंगावर खरूज असते. गेल्या उन्हाळ्यात आई काविळीनं गेली.

मग आम्ही हायकोर्टात गेलो. पाणी नासवणाऱ्यांविरुद्ध कायदा आहे, पण खटला भरायचा तो सरकारच्या प्रदूषण मंडळानं. आम्ही नुसती निवेदनं देत बसायचं. म्हणून आमच्या तरुण वकिलानं घटनेचं एकविसावं कलम धरलं. पिण्याजोगं पाणीच नसेल तर जगण्याचा हक्क कसला? रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तू माझ्याकडून घोकून घेतलेलं कलम ते. चुकले की माझ्या वाटणीच्या शेंगा खायचास.

परवा कारखान्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय, 'अर्जदार व तिच्या वस्तीचा नदीच्या पाण्यावर कसलाही मूलभूत हक्क नाही.' खाली वकील म्हणून तुझी सही. अर्जदार सुजाता बनसोडे, हे नाव वाचून तुला काहीच कळलं नसणार. सासरी माझं नाव बदललं. ती सुजाता मीच. खटला सोड असं मी म्हणत नाही. खुशाल भांड, पुरावे माग, माझं म्हणणं खोटं पाड. तेवढं एक वाक्य मात्र काढून टाक, त्र्यंबक. आमच्या पिढ्यानपिढ्यांनी ते गावाच्या तोंडून ऐकलंय. तुझ्या तोंडून मला ते ऐकवत नाही.

तुझीच,
पारू