मागच्या खोलीबाबत

मी, लोहखनिजाच्या खाणीत वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेली, अविवाहित, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. भावाने याउलट काही सांगितले तर त्याला हे वाचून दाखवावे.

१. खाणीसमोरचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मी धाकट्या बहिणीला देत आहे. भाऊ म्हणतो, घर विकू आणि तिला वृद्धाश्रमात ठेवू. आईच्या आजारपणात त्याने तोंड दाखवले नाही, घराचा विषय निघाला तसा पहिल्या गाडीने हजर झाला. त्याला वडिलांची छत्री द्यावी. ती गळते.

२. बँकेतली ठेव धाकटीच्या औषधपाण्यासाठी आहे. याला भरपाई म्हणू नये. तिचे फुप्फुस आता पूर्ववत होणार नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे.

३. माझी शिडी शेजारच्या वेल्डरकडे आहे. मागून मागून माझी जीभ झिजली. ती त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे निदान दिल्याचे पुण्य तरी पदरात पडेल.

४. पुढच्या खोलीची खिडकी दगड फोडणाऱ्या यंत्राकडे उघडते. सुरुंगाचा भोंगा झाला की गावात सगळे पाणी झाकतात आणि खिडकीला ओली चादर बांधतात. तरी धूळ यायची ती येतेच. त्या खोलीत धाकटी झोपते. मला रात्रपाळी असायची, दिवसा झोप हवी, म्हणून मागची खोली मी घेतली. तेव्हा ते रास्त होते. निवृत्तीनंतर खोल्या बदलायला हव्या होत्या. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. ती खोकते, मी भिंतीपलीकडे ऐकते आणि कूस बदलते. मला माझीच लाज वाटते. माझ्या पश्चात मागची खोली धाकटीने वापरावी.

हे कलम वाचून साक्षीला आलेल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, “तुमच्या पश्चात कशाला? तुम्ही अजून चांगली दहा-पंधरा वर्षं जगाल.”

धाकटीच म्हणाली, “राहू द्या हो बाई. ताईला धुळीत झोप लागत नाही.”

सबब कलम चार मी रद्द करत आहे. वेल्डरने माझी खाट आत्ताच पुढे आणली आहे. धाकटी दारात उभी राहून भांडत आहे, तिला कोणी दाद देऊ नये.

वाचून, समजून सही केली :
थोरली

साक्षीदार :
शाळेच्या बाई
वेल्डर (शिडी मिळाली)

दिनांक : आज, भोंग्याआधी
ठिकाण : पुढची खोली